भुंग्याची बॅग

शुक्रवार, १२ जानेवारी

ताई,

नमस्कार. ‘पत्रास कारण की’ असं लिहून मी सुरुवात करणार नाही, कारण कारण कळलं की तू पुढचं वाचतच नाहीस. तेव्हा आधी खुशाली. मी बरी, घर बरं, जिन्यातला दिवा अजून बंद आणि घरमालक अजून तोंड चुकवतोय. भाऊजींना नमस्कार, त्यांच्या गुडघ्याला वेगळा.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. अगं, तुझ्या त्या डोंगरावरच्या दवाखान्यात फोन लागतो तो रविवारी, तोही खिडकीत एका पायावर उभं राहिलं तर. त्यात मागून कुणीतरी ‘सिस्टर, सिस्टर’ करून हाका मारत असतं आणि तू मला ‘बोल लवकर’ म्हणतेस. लवकर बोल म्हटलं की मला काही सुचत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

तुझी लेक माझ्याकडे मजेत आहे. म्हणजे नववीतली मुलगी जितकी मजेत असते तितकी. चाचणीत गुण जरा खाली आलेत. तुला निकाल मिळाला असेलच, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. शास्त्रातसुद्धा कमी आहेत, आणि शास्त्र मीच शिकवते, तेव्हा आधी मला बोल.

एक चांगली बातमी देते. आमच्या शाळेत यंदा नवीन उपक्रम निघालाय. मुलं मोठ्यांना काही सांगत नाहीत, आपापसात मात्र सगळं बोलतात, म्हणून प्रत्येक वर्गातून एकाला निवडायचं, त्याला थोडं शिकवायचं आणि कुणाला मन मोकळं करावंसं वाटलं तर त्याच्यापाशी करायचं. त्या मुलांना म्हणायचं ‘कान’. छातीवर पिवळा बिल्ला, त्यावर कानाचं चित्र. चित्रकलेच्या सरांनी काढलंय, दिसतं बटाट्यासारखं, पण हेतू चांगला. हे सगळं बघतात आमचे नवे समुपदेशक. इतकं सावकाश बोलतात की मुलांनी त्यांचं नाव ‘हळूसर’ ठेवलंय. वाक्य सुरू करतात तेव्हा घंटा होते आणि संपवतात तेव्हा दुसरी.

तर नववीचा कान कोण? तुझी भुंगा. आम्ही सगळ्या शिक्षकांनी एकमताने तिचं नाव दिलं. कुणाची गोष्ट कुणाला सांगणार नाही, पोटात ठेवील, म्हणून. मला तर कोण अभिमान वाटला. म्हटलं, थेट आपल्या ताईवर गेलीय.

सध्या तिला जरा पित्त झालंय, म्हणून दोन-तीन दिवस घरीच आहे. रविवारी फोनवर गप्प वाटली असेल तर त्यामुळेच. एवढ्यासाठी रजा टाकून धावत येऊ नकोस. मी आहे इथे.

तुझी, वयाने लहान पण उंचीने अजूनही मोठी,
धाकटी


मंगळवार, २३ जानेवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, फटाक्यांची माळच ती. ‘दोन-तीन दिवसांचं पित्त दोन आठवडे कसं टिकतं, मी नर्स आहे हे विसरलीस का?’ नाही गं बाई, विसरले नाही. नर्सला पित्ताची थाप मारायची म्हणजे माझीच अक्कल. आणि शेवटी ते एक वाक्य: ‘तिथे जमत नसेल तर शाळेतून तिचं नाव काढ, मी येऊन घेऊन जाते.’ ते मी दोनदा वाचलं. भुंगा समोरच बसली होती. ‘आई काय म्हणते?’ तिने विचारलं. मी म्हटलं, ‘रागावलीय, म्हणजे तब्येत ठीक आहे.’ ती हसली नाही.

आता नीट सांगते. बसून वाच. आणि आधी एक: तुझी मुलगी सुखरूप आहे. माझ्या मागे पलंगावर पडलीय, श्वासाचा आवाज येतोय.

पित्त नव्हतं. तिच्या वर्गातली एक मैत्रीण आहे. कोण, ते विचारू नकोस, सांगणार नाही. गाव सोडून जाणारा माणूस जसा सगळं आवरायला घेतो तशी ती मुलगी काही दिवसांपासून आपल्या वस्तू एकेक करून वाटून टाकत होती. रंगपेटी हिला दे, स्वेटर तिला दे. मग एक दिवस पाण्याच्या नळापाशी तिने भुंग्याला सांगितलं की मला आता काहीच नको झालंय, मी नसलेलीच बरी. आणि वर शपथ घातली की तू कान आहेस, कुणाला सांगितलंस तर बघ.

हळूसरांनी सगळ्या कानांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं की कुणाच्या जिवावर बेतेल असं काही ऐकलं तर शपथ-बिपथ काही नाही, सरळ मोठ्या माणसाकडे यायचं. पण ताई, आम्ही निवडलं कुणाला? जी पोटात ठेवते तिला. निवडताना त्याचंच कौतुक केलं. मग ती उघडणार कशी? ती बापडी काय करायला लागली, तर मैत्रिणीला रोज घरापर्यंत सोडायला लागली. पार उलट्या दिशेला. मला सांगायची, ग्रंथालयात थांबते. घरी आली की सतत फोन हातात, मैत्रिणीचा निरोप आला नाही की पुन्हा पुन्हा उघडून बघायची. मी ओरडायचे, ‘जरा तो फोन ठेव खाली!’ डबा तसाच परत यायचा, त्यावरूनही ओरडायचे. गुणगुणणं बंद झालं होतं, ज्यावरून आपण तिला भुंगा म्हणायला लागलो ते. मी म्हटलं, मोठी झाली.

बरं, ही एकच मैत्रीण नव्हती. मधल्या सुट्टीत वर्गातली निम्मी पोरं तिच्यापाशी. कुणाचे आईबाप भांडतात, कुणाला आरशात बघवत नाही, कुणाला परीक्षा म्हटलं की उलटी होते. दर गुरुवारी कानांनी हळूसरांकडे जाऊन आपलं मन हलकं करायचं असा नियम. ही जायची, म्हणायची ‘सगळं ठीक आहे सर,’ आणि परत यायची. सरांना वाटलं, हिची मावशी शाळेतच आहे, घरी बोलत असेल. मावशीला वाटलं, सर आहेत ना. आम्ही दोघं एकमेकांच्या भरवशावर निवांत. कपाळाला हात लावायचा नाही तर काय करायचं!

माझ्या पहिल्या पत्राआधीच्या मंगळवारी मैत्रीण शाळेत आली नाही. माझाच तास होता. तुला माहीत आहे, आमचा दोघींचा कडक करार, शाळेत मी ‘बाई’, घरी ‘मावशी’. इतक्या दिवसांत एकदाही तिची जीभ घसरली नव्हती. मी फळ्यावर आकृती काढत होते. ती उठून म्हणाली, ‘बाई, मला बाहेर जायचंय.’ मी न वळताच म्हटलं, ‘बस खाली, तास संपू दे.’ तर भर वर्गात तिचा आवाज आला, ‘मावशी, चल ना गं.’

मी खडू टाकला आणि तिच्यामागे धावले. व्हरांड्यात तिने सगळं सांगितलं. पुढचं भराभर झालं. हळूसर, ताई, तो माणूस त्या दिवशी इतका भरभर बोलला की मी बघतच राहिले. त्यांनी मुलीच्या आईला फोन लावला, मी आणि मोठ्या बाई रिक्षाने तिच्या घरी गेलो. मुलगी घरातच होती, खोलीत, एकटी. वेळेवर पोचलो. आता तिचे उपचार चालू आहेत, आई तिच्याजवळ झोपते. जीव भांड्यात पडला म्हणतात ना, ते मला त्या दिवशी कळलं.

पण भुंग्याचं काय झालं ते ऐक. सगळ्या वर्गाने तिला मला बाहेर बोलावताना पाहिलं, म्हणजे कुणी सांगितलं ते उघडच. मैत्रिणीचा निरोप आला, ‘तुझं तोंड बघणार नाही.’ दुसऱ्या दिवशी कुणीतरी फळ्यावर लिहिलं, ‘भुंगा नाही, भोंगा.’ तिने बिल्ला काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि घरी आली ती आलीच. शाळेचं नाव काढलं की पोटात कळ येते. खरी येते, नाटक नाही.

हळूसर एक दिवसाआड घरी येतात. तिच्याशी बोलतात, कधी नुसतेच बसतात. मोठ्या बाईंनी वर्गाशी बोलून घेतलंय. ज्याने फळ्यावर लिहिलं तो आपणहून येऊन रडून गेला. थोडं थोडं पुढे सरकतंय. म्हणून म्हणते, घाईने नाव काढू नकोस. बाकीचं भेटीत बोलू.

रागावू नकोस. रागाव, पण माझ्यावर.
तुझी
धाकटी


रविवार, ४ फेब्रुवारी

ताई,

शनिवारच्या गाडीने येतेस, भुंग्याचं सामान बांधून ठेव, असा तुझा निरोप मिळाला. हे पत्र तुला निघायच्या आधी मिळावं म्हणून आजच टाकतेय. बॅगेबद्दल आधी सांगते, मग दोन्ही पत्रांत जे लिहायचं टाळलं ते.

तुझा निरोप कळल्यावर भुंग्याने स्वतःच बॅग भरायला घेतली. मी आत गेले तर कपडे घड्या घालून ठेवलेले, पुस्तकं एका बाजूला, मोजे जोडीजोडीने गुंडाळलेले. मी विचारलं, ‘तुला जायचंय का?’ ती म्हणाली, ‘नाही.’ ‘मग भरतेस कशाला?’ तर म्हणते, ‘आई इतक्या लांबून येणार. नाही म्हटलं तर तिला वाईट वाटेल.’

मी ती बॅग पलंगावर उपडी केली. सगळे मोजे भुईवर. तिने पुन्हा भरायला घेतली, मी पुन्हा उपडी केली. दोघी अशा कचाकचा भांडलो की खालची काकू जिना चढून बघायला आली. ‘तुला काय हवंय ते बोल!’ मी किंचाळले. तेव्हा कुठे ती माझ्यावर ओरडली, ‘मला इथेच राहायचंय! मला माझ्याच वर्गात बसायचंय!’ ताई, या महिन्यात तिने पहिल्यांदा ‘मला’ म्हणून काही मागितलं. मी मोजे गोळा करता करता रडत होते आणि काकू दारात उभी राहून विचारत होती, ‘पाहुणे येणार आहेत का?’

हळूसरांचंही तेच म्हणणं पडलं. आता तिला उचलून नेलं तर तिच्या मनात कायमचं बसेल की तोंड उघडलं म्हणून शाळा गेली. पुन्हा कधी उघडणार नाही. तेव्हा नेऊ नकोस. ये, चार दिवस राहा, पण नेऊ नकोस.

गेल्या सोमवारपासून ती एका तासापुरती येते, माझ्या प्रयोगशाळेत. कानांचे बिल्ले आम्ही सध्या कपाटात ठेवलेत. पुढे दोघादोघांची जोडी करणार आहोत आणि गुरुवारी ‘कुणी काय सांगितलं’ याआधी ‘तू जेवलास का, झोपलास का’ हे विचारणार आहोत. साधी गोष्ट, पण आम्हा शिकलेल्यांना सुचायला एवढं रामायण व्हावं लागलं. त्या मैत्रिणीची आई परवा आली होती. भुंग्याचे दोन्ही हात धरून बसली. भुंग्यानेच विचारलं, ‘ती अजून रागावलीय का?’ आई म्हणाली, ‘हो गं.’ तर ही म्हणते, ‘रागावू दे. आहे ना ती.’ मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवली.

आता ते. लिहायला हात उचलत नाहीये, पण तू माझ्याकडून नाही ऐकलंस तर कुणाकडून ऐकणार?

मैत्रिणीने सांगितलं त्या आठवड्यात भुंग्याने तुला फोन केला होता. शाळेच्या कार्यालयातून, भर दुपारी, आणि रविवार नसून तो नेमका लागला. तुला आठवेल कदाचित, कारण ती कधी आडवारी फोन करत नाही. तिने तुला विचारलं, ‘आई, कुणी आपल्याला फार जड काही सांगितलं तर काय करायचं?’ तुझ्या वॉर्डात काहीतरी गडबड चालली होती. तू म्हणालीस, ‘ऐकून घ्यायचं आणि खंबीर राहायचं. तू माझी खंबीर मुलगी ना? चल, ठेवते.’

थांब. पत्र मिटू नकोस. मी तुला दोष द्यायला लिहीत नाहीये, आणि ती तर अजिबात देत नाही. तिथेच तर सगळं दुखणं आहे. तिने मला हे सांगितलं ते तक्रार म्हणून नाही. म्हणाली, ‘आईचं बरोबरच होतं. आईला जमतं, मला जमलं नाही.’ म्हणाली, ‘मी आईसारखी नाही निघाले, मावशी. तिला सांगू नकोस.’ मी सांगणार नाही असं वचन दिलं नाही. आता या घरात असली वचनं द्यायची नाहीत असं आमचं ठरलंय, आणि आज तुला लिहितेय हे तिला माहीत आहे. तिने होकार दिलाय. दारातून दोनदा विचारून गेली, ‘लिहिलंस का?’

ताई, एका जिवाला वाचवलं तिने आणि तिला वाटतंय आपण नापास झालो. तुझ्या परीक्षेत. मी समजावलं, सरांनी समजावलं, मोठ्या बाईंनी शाबासकी दिली. पालथ्या घड्यावर पाणी. कारण आम्ही कुणी तिची आई नाही. जी आई कधी डगमगत नाही, तिनेच सांगायला हवं की तीही डगमगते.

आणि तू डगमगली होतीस. मला माहीत आहे.

आपली आई अंथरुणाला खिळली त्या वर्षी तू दहावीत होतीस. सकाळी आईचं सगळं करायचीस, बाबांचा डबा, माझी वेणी, मग शाळा. बाबांना रडू यायचं तर ते तुझ्याजवळ रडायचे. मला भीती वाटायची तर मी तुझ्या पांघरुणात शिरायचे. सगळी आळी म्हणायची, पोर किती खंबीर! एक दिवस मी शाळेतून लवकर आले. न्हाणीघराचं दार लोटलेलं होतं. आत नळ पूर्ण सोडलेला, बादली केव्हाच भरून पाणी बाहेर वाहत होतं आणि तू दगडावर बसून तोंडात टॉवेल कोंबून रडत होतीस. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. पाठ नुसती गदागदा हलत होती. मी दाराबाहेर उभी होते. दुसरीतली पोर, मला काय करायचं ते कळेना. मग नळ बंद झाला, तू बाहेर आलीस, लाल डोळ्यांनी मला म्हणालीस, ‘आलीस? चल, वेणी सुटलीय बघ तुझी,’ आणि माझी वेणी घालायला बसलीस. या गोष्टीबद्दल आपण आजतागायत एक शब्द बोललो नाही.

तुला तेव्हा शाळेत कुणी विचारलं होतं का गं, तू जेवलीस का म्हणून? विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? ‘सगळं ठीक आहे बाई.’ हो ना?

तर शनिवारी ये. येताना तुझ्या त्या दवाखान्याची शिस्त आणि गोळ्यांची पिशवी तिकडेच ठेव. तिला ‘खंबीर’ हा शब्द म्हणू नकोस, एवढी माझी विनंती. गुण विचारू नकोस. तिला जवळ घे आणि त्या न्हाणीघराबद्दल सांग. तू किती घाबरली होतीस ते सांग. तुला जमत नव्हतं ते सांग. तुझ्या तोंडून ऐकलं म्हणजे तिला पटेल. मी शेजारच्या खोलीत जाऊन बसेन, म्हणशील तर बाजारात जाईन.

नाही. खोटं कशाला लिहू? मी कुठेही जाणार नाही. मलाही ऐकायचंय. इतकी वर्षं झाली, ताई, आता तरी मला आत येऊ दे.

वाट बघतेय.

अजून दाराबाहेर उभी,
तुझी धाकटी